डॉ. रखमाबाई : खटल्यानंतर

रखमाबाई हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी इतिहासाच्या पुस्तकात एकदा तरी वाचलेले असते. ते येते बालविवाह आणि संमतीवयाचा कायदा या प्रकरणात, दोन-तीन ओळींत. खटला संपला की रखमाबाईही पुस्तकातून निघून जातात. जणू १८८८ नंतर त्या जगल्याच नाहीत! प्रत्यक्षात त्यानंतर त्या सदुसष्ट वर्षे जगल्या आणि त्यांतील जवळजवळ पस्तीस वर्षे त्यांनी दवाखान्यात काढली. मला लिहावयाचे आहे ते मुख्यतः या पस्तीस वर्षांतील पहिल्या काही दिवसांविषयी. नवा डॉक्टर खुर्चीवर बसतो, फाटक उघडे असते, आणि रुग्ण येत नाही, ते दिवस.

परंतु खटला टाळून त्या दिवसांपर्यंत जाता येत नाही, म्हणून तो थोडक्यात सांगते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. जात सुताराची. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तेव्हा आपल्यापेक्षाही लहान होती. सतराएक वर्षांची विधवा. सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले आणि त्याआधी नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. डॉ. सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत मोजके हिंदी लोक होते, त्यांपैकी ते एक. अशा घरात मुलगी वाढली, तरी अकराव्या वर्षी तिचे लग्न झालेच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्याच नात्यातला. लग्नानंतर रखमाबाई आईच्याच घरी राहिल्या व घरच्या घरी पुस्तके आणून शिकल्या. दादाजीचे शिक्षण मात्र सुटले. १८८४ साली त्याने बायको नांदायला येत नाही म्हणून कोर्टात दावा लावला.

१८८५ च्या सप्टेंबरात न्या. पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचे म्हणणे असे की, समज नसताना जिचे लग्न लावले व जी नवऱ्याबरोबर कधी राहिलीच नाही, तिला जबरदस्तीने पाठविणे हा रानटीपणा होईल. यावर गदारोळ उठला. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने आलेली पत्रे रखमाबाईंचीच होती. अपिलात निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. लोकमान्य टिळकांसारखा पुढारी त्यांच्या विरुद्ध लिहीत होता आणि बेहरामजी मलबारी बाजूने लिहीत होते. टिळकांविषयी आदर असूनही हा भाग वाचताना मन खट्टू होते, हे येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला. पुढच्या वर्षी त्याने दुसरे लग्न केले व रखमाबाई बोटीने विलायतेला गेल्या.

तेथे जाण्याची वाट दाखविली डॉ. एडिथ पीची यांनी. या बाई स्वतः एडिंबरो विद्यापीठात डॉक्टरीच्या वर्गात बसण्यासाठी भांडलेल्या पहिल्या सात मुलींपैकी होत्या, आणि मुंबईत येऊन कामा हॉस्पिटलचा कारभार पाहत होत्या. बायकांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयात रखमाबाईंनी नाव घातले. रुग्णालयातील शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये झाले. १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि १८९५ साली सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. वय तीस.

आता सुरत हे गाव आणि आपला बुलडाणा यांचा एक धागा आहे, तो मला या निमित्ताने सापडला. १८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर जन्मलेले मूल मारल्याचा खटला चालला. तिला फाशी सांगितली गेली, अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवण्याची लाट उठली. ते वाचून आपल्या बुलडाण्यातील ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक लिहिले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे येथील कचेरीत नोकरीला होते व सत्यशोधक विचारांचे होते. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, आणि मग ते विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले म्हणून आपल्याला मिळाले. ताराबाई विचारीत होत्या की, बाईचाच दोष का, पुरुषाचा का नाही. ज्या गावातल्या एका बाईमुळे हा प्रश्न बुलडाण्यात लिहिला गेला, त्याच गावी चौदा वर्षांनी रखमाबाई बायकांच्या डॉक्टर होऊन गेल्या. दोघींची भेट झाली असावी असे समजण्यास काही आधार नाही. पण मला मात्र नकाशावर बुलडाणा, मुंबई आणि सुरत अशी रेघ ओढाविशी वाटते.

सुरतेत दवाखान्याची इमारत होती, औषधे होती, डॉक्टरीणबाई होत्या. बायका येत नव्हत्या. याचे आज आपल्याला नवल वाटते, पण त्या काळच्या बाईच्या जागी बसून पाहावे. बाळंतपण घरात, तेही बहुधा अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती व्हावयाचे. दवाखाना म्हणजे जेथे माणूस मरण्यासाठी नेतात ती जागा. तेथे कोणाचा विटाळ होईल, कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, हा घोर वेगळाच. पडद्यातल्या बाईला उंबऱ्याबाहेर काढायचे तर सासू, सासरा, नवरा यांच्या परवानग्या. आणि डॉक्टरीणबाई कोण, तर नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली, समुद्र ओलांडून आलेली! वर्तमानपत्रांनी नाव गावोगाव पोहोचविलेले होतेच. आपल्या सुनेला तिच्याकडे पाठवावयाचे म्हणजे काय, हा विचार कितीतरी घरांतून झाला असेल.

त्या वेळची एक गोष्ट सांगतात. बाळंतपणासाठी एकही बाई दवाखान्यात येईना, तेव्हा रखमाबाईंनी गाभण शेळी दवाखान्यात आणविली आणि तिची सुटका तेथे केली. शेळी जगली, करडू जगले, ही बातमी गावात फिरली आणि मग हळूहळू बायका येऊ लागल्या. काहींना ही गोष्ट गमतीची वाटते. मला वाटत नाही. ज्याने खेड्यात शेळी व्याताना पाहिली आहे त्याला तीमधली अक्कल कळेल. शेळीच्या जिवाचे मोल गरिबाच्या घरी काय असते ते सर्वांना ठाऊक असते आणि शेळीला जात नसते, पडदा नसतो, सासू नसते. रखमाबाईंनी व्याख्यान दिले असते तर कोणी आले नसते. डॉक्टरीची पदवी भिंतीवर होतीच, ती वाचणारे किती होते? त्यांनी आपले हात काय करू शकतात ते लोकांना दिसेल अशी सोय केली.

हे सारे मला इतके जवळचे का वाटते, ते सांगणे भाग आहे. माझी चुलत बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, गेल्या वर्षी फिजिओथेरपीचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आली. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली आणि मी दुसरी. काकांनी दोन एकर गहाण टाकून तिला शिकविले. तालुक्याच्या गावी एका मेडिकलच्या दुकानामागची खोली भाड्याने घेऊन तिने काम सुरू केले. एक लोखंडी खाट, एक शेकाचे मशीन, भिंतीला कप्पी व दोरी. पहिल्या महिन्यात नऊ रुग्ण आले. त्यांतले चार आमच्याच भावकीतले, पैसे न देणारे.

ज्यांना या विद्येची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लकवा झालेल्या माणसाचा हात-पाय पुन्हा हलता करणे, मोडलेले हाड जुळल्यावर आखडलेला सांधा मोकळा करणे, पाठ, मान, गुडघे यांची दुखणी व्यायामाने आटोक्यात आणणे, जन्मतः अधू मुलाला बसायला-चालायला शिकविणे, ही कामे फिजिओथेरपिस्टची. यात गोळी नाही, सुई नाही. तेथेच घोडे अडते. आमच्या भागात सुई टोचली म्हणजे इलाज झाला. व्यायाम सांगितला म्हणजे काहीच केले नाही, त्याचे पैसे कसले, असा लोकांचा हिशेब. मशीनवर शेक घ्यायला माणूस खुशीने येतो, पण खांदा दिवसातून तीन वेळा घरी फिरवायचा म्हटले की दुसऱ्या आठवड्यापासून दिसत नाही. शिवाय लोक तिला मालिशवाली म्हणतात. एका बड्या माणसाच्या घरून तर संध्याकाळी घरी येऊन अंग रगडून देण्याचा निरोप आला. काकांनी त्या रात्री जेवण केले नाही. तेव्हापासून तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाले आहे.

या मालिशवाली शब्दाचा शोध घेताना मला एक नोंद मिळाली आणि मी चकित झाले. ज्या १८९४ साली रखमाबाई लंडनमध्ये शिक्षण पुरे करीत होत्या, त्याच वर्षी त्याच लंडनमध्ये चार नर्स एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था काढली. कारण हेच! मालिशच्या नावाखाली शहरात भलतेच धंदे चालत, ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्याविरुद्ध लिहिले, आणि प्रामाणिकपणे रुग्णाचे अंग चोळणाऱ्या नर्सची मान खाली गेली. तेव्हा या चौघींनी परीक्षा ठेवल्या, नियम केले. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय काम घ्यायचे नाही, पुरुष रुग्णांवर सरसकट उपचार करायचे नाहीत. पुढे पहिल्या महायुद्धात हजारो जखमी सैनिक आले तेव्हा त्यांच्या हातांची किंमत लोकांना कळली. आज इंग्लंडात चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी म्हणून जी मोठी संस्था आहे ती त्या चौघींच्या संस्थेतूनच वाढली. आपल्याकडे ही विद्या शिकविणे १९५० नंतर मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले; त्यामागे पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न होता. म्हणजे ताई ज्या शब्दावरून रडली त्याच शब्दावरून लंडनच्या चार बायकांना सव्वाशे वर्षांपूर्वी भांडावे लागले होते. मी तिला हे सांगितले तेव्हा तिने विचारले की, त्यांचे पुढे काय झाले. मग मी तिला रखमाबाईंचेही सांगितले. शेळीवर ती फार हसली.

नंतर तिने एक केले. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना लकवा होऊन दीड महिना झाला होता, घरच्यांनी खाट ओट्यावर टाकून दिली होती. अशा रुग्णात सुरुवातीचे आठवडे व महिने फार मोलाचे असतात असे ती सांगते. तिने त्यांना खोलीवर न आणता तेथेच, ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत उठवून बसविण्यास सुरुवात केली. आधी कुशीवर वळणे, मग बसणे, मग खाटेला धरून उभे राहणे. त्यांच्या सुनेला सारे शिकविले, कारण रोज ताईला जाणे जमणारे नव्हते. गल्ली जमायची, सल्ले द्यायची. पोळ्याच्या सुमारास ते बाबा काठी घेऊन मारुतीच्या पारापर्यंत गेले. पाय अजून ओढतात, उजव्या हाताची मूठ उघडत नाही. पण पारावर बसलेल्या माणसांनी पाहिले ते पाहिलेच. त्या महिन्यात तिच्याकडे एकवीस रुग्ण आले. स्थळे पाहणे मात्र थांबलेले नाही, आणि गहाण एकरही सुटलेले नाहीत.

असो. पुन्हा सुरतेकडे वळते.

रखमाबाईंच्या बाबतीत आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कित्येक ठिकाणी त्यांना व्यवसाय करणारी पहिली हिंदी स्त्री डॉक्टर म्हटलेले आढळते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या, पण क्षयाने १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या, त्यांना दवाखाना चालविता आला नाही, हे खरे. परंतु कलकत्त्यात कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून डॉक्टरी करीत होत्या. पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर भांडण करण्यात अर्थ नाही. रखमाबाईंचे मोठेपण निराळे आहे. त्या टिकल्या. सुरतेत त्या वीसहून अधिक वर्षे राहिल्या. या काळात प्लेग आला. गुजरातेत छप्पनिया म्हणून ज्याची आठवण काढतात तो १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. आपल्या वऱ्हाडालाही त्याच दुष्काळाने रडविले होते. शहर सोडून लोक पळत, डॉक्टरला पळता येत नाही. एकदा शेळीची गोष्ट घडून गेली की चरित्रलेखक पुढे सरकतात. पण दररोज सकाळी दवाखाना उघडणे, वीस वर्षे, यात सांगण्यासारखी गोष्ट नसते. तरी तेच खरे काम होते.

१९०४ साली दादाजी वारला. तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेष घेतला आणि पुढे पांढरे पातळ सोडले नाही. हे वाचून मी थांबले. ज्या नवऱ्याला नाकारण्यासाठी तुरुंगात जाण्याची तयारी होती, त्याच्यासाठी पांढरे नेसणे? आमच्या वर्गात यावर बोलणे झाले. एकाचे मत पडले की, लहानपणचे संस्कार शेवटी सुटत नाहीत. इतिहासाच्या सरांचे मत असे की, ज्या बायकांमध्ये काम करावयाचे त्यांच्यात परके वाटू नये म्हणून त्यांनी तसे केले असेल. मी घरी आईला विचारले. आई शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली की, पांढऱ्या लुगड्यातल्या बाईकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले तरी चार जण त्यालाच बोलतात, आणि रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाणारीला तेवढे कवच लागतच असेल. तिघांचेही मला पटते आणि पुरते कोणाचेच पटत नाही. त्यांनी कायद्याने त्या लग्नातून मोकळीक मिळविली नव्हती, मिळूच शकत नव्हती. हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता. पैसे देऊन माणूस दूर केला होता, लग्न कागदावर तसेच होते. या गोष्टीचा त्या वेषाशी काही संबंध असेल का, हे माझ्या मनात राहून राहून येते. मला स्वतःला ते पांढरे पातळ आवडत नाही. पण नेसणारी मी नव्हते.

सुरतेनंतर त्या राजकोटला संस्थानच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या. तेथे त्यांनी रेडक्रॉसची शाखा उभी केली. १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईत आल्या. निवृत्तीच्या वयातही लेखणी खाली ठेवली नव्हती. १९२९ मध्ये त्यांनी पडदा पद्धत नाहीशी करण्याची गरज सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. टोपणनावाने पत्रे लिहिणारी वीस वर्षांची मुलगी आणि ही पासष्टीची डॉक्टर यांच्यामध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. आता टोपणनावाची गरज नव्हती. पडद्यामुळे बाई आजारी कशी पडते, हे या वेळी त्यांना ऐकून नव्हे तर हजारो नाड्या पाहून ठाऊक होते.

पुढची वर्षे शांतपणे गेली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे पुरी करून, त्या फुप्फुसाच्या कर्करोगाने वारल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता व हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात, नांदायला न येणाऱ्या जोडीदाराविरुद्ध दावा लावण्याची तरतूदही ठेवली गेली. त्यासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा त्याआधीच रद्द झाली होती, परंतु ते कलम आजही कायद्यात आहे.